थ्रॉटल कंट्रोलर बसवताना: पेडलपासच्या सहा तारा

"डबी बसवली की पिकअप वाढतो का हो?" गाडीची आवड असलेल्या नव्या मंडळींकडून हा प्रश्न मला सारखा येतो. डबी म्हणजे थ्रॉटल कंट्रोलर, ॲक्सिलरेटर पेडलचा सिग्नल वाढवून पुढे पाठवणारं छोटं यंत्र. खरं उत्तर असं की इंजिनाची ताकद तसूभरही वाढत नाही. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस घ्या. 2017 मध्ये ती आपल्याकडे आली तेव्हा दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 230 पीएस ताकद, 350 न्यूटन मीटर टॉर्क आणि सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, असा तिचा थाट होता. थ्रॉटल कंट्रोलर लावल्यावरही हे आकडे तेवढेच राहतात. पेडल तळाला टेकवलं तर डबी असो वा नसो, गाडी सारखीच पळते. फरक पडतो तो मधल्या भागात, म्हणजे पायाने थोडं मागितल्यावर इंजिन किती देतं यात. हा फरक लहान नाही. रोजच्या चालवण्यात पेडल क्वचितच तळाला जातं, आपलं सगळं ड्रायव्हिंग त्या मधल्या भागातच होतं. म्हणूनच डबी आंधळेपणाने लावू नये. ती काय करते हे समजून घेऊन नीट बसवली तर गाडी आणि पाय यांचं जमतं. नाहीतर पैसे जातात आणि वर डोकेदुखी मागे लागते.

आधी पेडल समजून घ्या

मारुती 800 चालवलेल्यांना आठवत असेल, ॲक्सिलरेटरपासून कार्बोरेटरपर्यंत एक केबल जायची. पाय दाबला की केबल ताणली जायची आणि हवेची झडप, म्हणजे थ्रॉटल, उघडायची. मधे कोणी नव्हतं. आता मधे कंप्युटर आहे. बीएमडब्ल्यूने 1987 साली आपल्या बारा सिलिंडरच्या 750 मध्ये इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल दिला आणि पुढे तो सगळीकडे पसरला. आज शोरूममधून निघणाऱ्या साध्या हॅचबॅकमध्येही पेडल म्हणजे फक्त एक सेन्सर असतो.

खरं तर एक नाही, दोन सेन्सर. पेडलच्या मॉड्यूलमध्ये दोन स्वतंत्र सेन्सर असतात आणि साधारणपणे प्रत्येकाच्या तीन तारा: पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल. अशा मिळून सहा. पेडल जसं खाली जातं तसा दोन्ही सिग्नलचा व्होल्टेज वाढतो, आणि अनेक गाड्यांत दुसरा सिग्नल पहिल्याच्या निम्मा असतो. पाय पेडलवर नसतानाही व्होल्टेज शून्य नसतो, पहिल्या सिग्नलचा साधारण पाऊण व्होल्टच्या आसपास असतो. हे मुद्दाम ठेवलेलं आहे. तार तुटली तर व्होल्टेज शून्यावर येतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरला, लगेच कळतं की पाय उचललेला नाही, काहीतरी बिघडलंय. दोन सिग्नलचं आपसातलं नातंही ईसीयू सतत तपासत असतो. ते बिनसलं तर पी 2138 सारखा बिघाडाचा कोड पडतो, इंजिन ताकद आवरून घेतं आणि गाडी रांगत चालते.

मग कंपनी पेडल इतकं मऊ का ठेवते? ती कारणं रास्त आहेत. सिग्नलला गाडी हिसका मारून निघू नये, पेट्रोल कमी जळावं, धूर मर्यादेत राहावा, क्लच आणि गिअरबॉक्सवर एकदम ताण येऊ नये, नवख्या माणसाच्या हातात गाडी घाबरवणारी होऊ नये. त्यामुळे पेडलच्या सुरुवातीच्या प्रवासात इंजिन हात राखून देतं.

थ्रॉटल कंट्रोलर पेडल आणि ईसीयू यांच्या मधोमध बसतो. पेडलकडून आलेला सिग्नल घेतो, ठरलेल्या प्रमाणात वाढवतो आणि पुढे पाठवतो. समजा पाय 30 टक्के दाबलाय, तर ईसीयूला 45 टक्के दाबल्याचं दिसतं. एवढंच त्याचं काम. पण ते करताना दोन्ही सिग्नल एकाच मापाने, एकाच क्षणी बदलावे लागतात. चांगल्या आणि टाकाऊ डबीतला फरक इथेच कळतो.

घेण्याआधी चार गोष्टी

सर्वात आधी गाडीत स्पोर्ट मोड असेल तर तो आठवडाभर वापरा. बऱ्याच गाड्यांत हा मोड पेडलचा नकाशाच, म्हणजे किती दाबल्यावर इंजिनाने किती द्यायचं हे गणितच बदलतो. तेवढ्याने समाधान झालं तर इथेच थांबा, डबीचे पैसे टायरला घाला.

नाही झालं, तर गाडी खरंच मंद आहे की आजारी आहे हे बघा. एअर फिल्टर तुंबलेला, प्लग जुने झालेले, थ्रॉटल बॉडीवर काजळी, टर्बोचा एखादा पाइप सैल, यातल्या कशानेही पिकअप मेल्यासारखा वाटतो. डबी ते दुखणं झाकते आणि दुखणं आत वाढत राहतं. शिवाय टर्बोला हवा भरायला लागणारा वेळ डबीने कमी होत नाही. डीएसजी पहिल्या गिअरमध्ये क्लच जोडताना जो क्षणभर विचार करतो, तोही ती हटवत नाही. सिग्नल लवकर मोठा झाल्यामुळे सगळं थोडं आधी सुरू होतं, इतकंच.

आता पायाखाली बघा. आपल्याकडे नवी गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात जाडजूड सेव्हन-डी मॅट बसते. एका मित्राची तक्रार होती की गाडी वरच्या वेगात दमते. मी खाली वाकून पेडल हाताने दाबलं तर ते तळाला टेकायच्या आधीच मॅटच्या फुगवट्यावर अडत होतं. मॅट काढली, गाडी सुटली. डबी घ्यावीच लागली नाही. मॅटमुळे पेडल दाबलेलं अडकून बसण्याचा धोका तर त्याहून मोठा आहे, त्यामुळे ही तपासणी डबी नसतानाही करावी.

शेवटची तपासणी ओबीडी स्कॅनरची, म्हणजे गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राची. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ओबीडीचं सॉकेट असतं. त्यात छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर आधीचे कोड आहेत का बघा. असतील तर ते मिटवून नव्हे, दुरुस्त करून पुढे जा.

डबी निवडताना तुमच्या गाडीचं मॉडेल, इंजिन आणि वर्ष यांना नेमकी बसणारीच घ्या. जर्मनीच्या डीटीई सिस्टिम्सचा पेडलबॉक्स, स्प्रिंट बूस्टर अशी जुनी, माहितीतली नावं आहेत. बाजारात त्याहून कितीतरी स्वस्त बिननावाच्याही मिळतात. एक नियम पक्का धरा: वायर कापावी किंवा सोलावी लागत असेल तर ती वस्तू घेऊच नका. चांगल्या डबीच्या वायरिंगला दोन्ही टोकांना कंपनीच्याच मापाचे प्लग असतात.

हमी आणि विमा याबद्दल स्पष्ट बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा रोख आरसीवर नोंदलेले तपशील बदलतील अशा फेरफारांवर आहे, आणि या डबीने इंजिन, रंग, बांधणी, इंधन यातलं काहीच बदलत नाही. पण विमा कंपनीला ईमेलने कळवा आणि उत्तर जपून ठेवा. गाडी हमीत असेल तर सर्व्हिस सेंटरलाही आधी विचारा. सर्व्हिसला जाताना डबी गुपचूप काढायची आणि परतल्यावर पुन्हा लावायची, असा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. पेडलशी संबंधित काही बिघाड झाला तर समोरच्या मेकॅनिकला खरं माहीत असायला हवं, नाहीतर तो भलतीकडेच शोधत बसेल.

बसवायला बसू या

काम अर्ध्या तासाचं आहे, त्यातला बराचसा वेळ वाट पाहण्यात जातो. सकाळची वेळ निवडा. मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीत वाकून काम करणं म्हणजे शिक्षा, आणि तापलेलं प्लास्टिक सहज वाकतं. डोक्याला लावायचा टॉर्च, चार-पाच केबल टाय, वायरिंगला गुंडाळायची कापडी टेप, ओलसर फडकं आणि एक जुनी गोधडी जवळ ठेवा. गोधडी घडी करून दाराच्या उंबऱ्यावर घातली की बरगड्या वाचतात. सीट पूर्ण मागे सरकवा, ड्रायव्हरकडची मॅट बाहेर काढा.

आता इग्निशन बंद करा आणि किल्ली गाडीपासून लांब, घरात ठेवा. किल्ली खिशात असली तर बटणवाल्या गाड्या जाग्या होतात. दार उघडं ठेवूनच पंधरा-वीस मिनिटं थांबा. चहा घ्या. इंजिन बंद केल्यावरही गाडीतले कंप्युटर काही वेळ जागे असतात. ते जागे असताना पेडलचा प्लग काढला तर ईसीयूला तार तुटल्यासारखं वाटतं आणि तो कोड नोंदवून ठेवतो. काहीही न बिघडता डॅशबोर्डवर दिवा लागतो, नवखा माणूस घाबरतो.

खाली वाकल्यावर आधी एका गोष्टीची ओळख करून घ्या: पिवळे प्लग आणि पिवळ्या वेष्टणातल्या तारा. त्या एअरबॅगच्या. काही गाड्यांत ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशीही एअरबॅग असते. पिवळ्याला हात लावायचा नाही, ओढायचं नाही, टाय बांधायचा नाही.

पेडल दोन प्रकारची असतात. काहींत ते वरून लटकतं, तर ऑक्टाव्हियासारख्या गाडीत ते जमिनीतून उभं राहतं, पेटीच्या पायभात्यासारखं. दोन्हींत काळं प्लास्टिकचं मॉड्यूल शोधा आणि त्यात घुसलेला सहा तारांचा प्लग शोधा. ऑक्टाव्हियात तो मॉड्यूलच्या वरच्या टोकाशी असतो, डोळ्यांना नीट दिसत नाही, बोटांनीच चाचपावा लागतो. काढायच्या आधी मोबाइलने दोन-तीन फोटो काढून ठेवा. प्लग कोणत्या बाजूने बसला होता, तारेला कुठे वळण होतं, हे नंतर कुणालाच आठवत नाही.

प्लगचा खटका हा या सगळ्या कामातला सर्वात नाजूक भाग. अनेक प्लगना दुहेरी कुलूप असतं. आधी एक छोटी रंगीत पट्टी नखाने मागे सरकवायची, मग खटका दाबायचा आणि तो दाबलेला ठेवून प्लगचं अंग धरून सरळ ओढायचं. तारांना धरून कधीच ओढू नका. निघत नसेल तर जोर लावण्याआधी प्लग जरा आत ढकला, खटक्यावरचा ताण सुटतो, आणि मग पुन्हा दाबून ओढा. स्क्रू ड्रायव्हर खुपसायचा मोह होतो, तो आवरा. तो प्लास्टिकचा कान तुटला की प्लग नंतर कधीच घट्ट बसत नाही.

आता डबीच्या वायरिंगचं एक टोक पेडलच्या मॉड्यूलमध्ये आणि दुसरं गाडीच्या मोकळ्या झालेल्या प्लगमध्ये. लावण्याआधी टॉर्चच्या उजेडात पिना बघा, एखादी वाकलेली तर नाही ना. दोन्हीकडे "टक्" असा आवाज यायला हवा, आणि आवाज आला तरी प्लग हलकेच मागे ओढून बघायचा.

या ओढून बघण्याचा मी इतका आग्रह का धरतो ते सांगतो. माझी पहिली डबी बिननावाची होती. तिचा प्लग आत जायचा, पण त्याचा कान आखूड होता, त्यामुळे "टक्" व्हायचंच नाही. घट्ट वाटलं म्हणून मी तसाच सोडला. दीड महिना काही झालं नाही. मग साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या घाटात, मागे ट्रक लागलेला असताना, डॅशबोर्डवर ईपीसीचा, म्हणजे थ्रॉटलच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये बिघाड दाखवणारा दिवा लागला आणि पेडल मेलं. पाय तळाला, इंजिन जेमतेम रांगतंय. हझार्ड लावून गाडी कशीबशी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, खाली वाकलो. प्लग दोन मिलिमीटर मागे सरकला होता. फक्त दोन मिलिमीटर. डबी तिथेच काढली, गाडीचा मूळ प्लग मूळ जागी बसवला, "टक्" आवाज आला, दिवा विझला. शेजारी आई बसली होती. ती घरी येईपर्यंत काही बोलली नाही.

तेव्हापासून डबी बसवणाऱ्या प्रत्येकाला मी आणखी एक काम करायला लावतो: बसवून झाली की पुन्हा काढायची, गाडी मूळ स्थितीत आणायची आणि परत बसवायची. एकदा हे हातांनी केलं की अंधारात, पावसात, घाटातही दोन मिनिटांत जमतं.

पुढचं काम वायर बांधण्याचं. डबीची तार गाडीच्याच वायरिंगच्या सोबतीने वर न्या आणि दर वितीवर केबल टाय घाला. टायची उरलेली शेपटी सपाट कापा, नाहीतर पुढच्या वेळी हात ओरबाडतो. प्लास्टिकला प्लास्टिक घासतं तिथे कापडी टेप गुंडाळा, म्हणजे खड्ड्यात खडखड होत नाही. मग ब्रेक पूर्ण दाबून बघा, मॅन्युअल गाडी असेल तर क्लचही. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. तार कुठेही ताणली जाता कामा नये, आणि लोंबता कामा तर मुळीच नये. ब्रेक पेडलच्या मागे लोंबणारी तार म्हणजे साक्षात संकट.

बटणांचा छोटा भाग डॅशबोर्डवर हात सहज पोचेल पण गुडघा लागणार नाही अशा जागी चिकटवा. जागा आधी पुसून कोरडी करा. काचेजवळ नको, उन्हाने दुतर्फी टेप सुटते.

तपासणी, इंजिन बंद ठेवून

किल्ली परत आणा, मॅट अजून बाहेरच असू द्या. इग्निशन चालू करा, इंजिन मात्र सुरू करू नका. काही डब्यांना ओळख करून द्यावी लागते: पेडल सावकाश तळापर्यंत दाबायचं, दोन-तीन सेकंद धरायचं, सोडायचं. तुमच्या डबीसोबतच्या कागदावर जसं लिहिलंय तसंच करा.

आता स्कॅनर लावा. ॲपमध्ये पेडल पोझिशन डी आणि ई असे दोन आकडे दिसतात, ते म्हणजे आपले दोन सेन्सर. मी पेडलखाली लाकडाचा छोटा ठोकळा ठेवतो, म्हणजे पेडल दर वेळी तेवढंच दाबलं जातं. डबी बंद असताना दोन्ही आकडे लिहून घ्यायचे, मग एकेक पातळी वाढवत पुन्हा लिहायचे. पातळीबरोबर दोन्ही आकडे वाढायला हवेत, पण त्यांचं आपसातलं नातं तेच राहायला हवं. पाय उचलल्यावर दोन्ही आकडे मूळ ठिकाणी परत येतात का, हेही बघा. येत नसतील तर ती डबी गाडीत ठेवू नका. शेवटी ठोकळा बाहेर काढा आणि काढल्याचं पुन्हा एकदा बघा.

मग इंजिन सुरू करा. आरपीएम स्थिर आहे, दिवा नाही, नवा कोड नाही, तर मॅट घाला आणि बाहेर पडा.

पायाला नवी सवय

पहिल्या दिवशी सर्वात वरची पातळी लावायची हौस सगळ्यांनाच असते. ती आवरा. सर्वात सौम्य पातळीवर आठवडाभर चालवा. सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत वरची पातळी म्हणजे गाडीने दर दहा फुटांवर मान हलवणं, आणि शेजारी बसलेल्याला मळमळ. मी शहरात डबी बंद ठेवतो किंवा इको पातळीवर, आणि मोकळ्या रस्त्यावर मधल्या पातळीपुढे जात नाही. वरच्या पातळीत पेडल अर्ध्यातच संपल्यासारखं होतं, उरलेल्या प्रवासात देण्यासारखं काही शिल्लक राहत नाही. बारीक नियंत्रण जातं, आणि गाडी छान चालवण्याचं सगळं सुख त्या बारीक नियंत्रणातच आहे.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जुलैत ताम्हिणीतून जाताना वळणावर पाणी, शेवाळ, कधी माती वाहून आलेली असते. पुढच्या चाकांवर 350 न्यूटन मीटर येणाऱ्या गाडीत तिथे पाय थोडा जास्त पडला तर चाकं फिरतात आणि गाडीचं नाक वळणाबाहेर सरकायला लागतं. ट्रॅक्शन कंट्रोल सावरतो, पण त्याच्या भरवशावर घाट चढू नये. पाऊस लागला की डबी बंद.

पेट्रोलचं म्हणाल तर डबी स्वतः काही पीत नाही. पाय मात्र मोहात पडतो, पहिल्या महिन्यात सरासरी खाली येते, मग हळूहळू सावरते.

एक गोष्ट खोक्यावर सहसा लिहिलेली नसते. बहुतेक डब्यांना गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे हे कळत नाही, कारण त्यांच्यापर्यंत फक्त पेडलच्या तारा येतात. म्हणजे रिव्हर्समध्येही पेडल तेवढंच तिखट असतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मागे खांब आणि बाजूला मुलं खेळताहेत, तिथे हे लक्षात ठेवावंच लागतं. माझे बाबा रविवारी गाडी घेऊन मंडईत जातात. त्यांच्या पायाला गाडीचं मूळचं मऊ पेडल ठाऊक आहे. म्हणून शनिवारी रात्री गाडी लावताना मी डबी बंद करतो, आणि सकाळी किल्ली देताना त्यांना सांगतो, "बाबा, बंद केलीय." ते मान डोलावतात आणि तरीही पहिल्या दहा फुटांत पेडल जरासं चाचपून बघतात.